गरम पाणी आधी कोणाला?

२३ जानेवारी, शुक्रवार

नवापूरकडच्या मुलांच्या मिशन बोर्डिंगची रंगरंगोटी, डागडुजी करायला निघालो. सकाळी भुसावळहून सुरतकडची पॅसेंजर धरली. आम्ही चर्चच्या मंडळीतले ११ जण: तरुण संघाची ८ पोरंपोरी, पाळकसाहेब, हे आणि मी. सामान मात्र २५ जणांचं. रंगाचे डबे, ब्रश, दोन ड्रिल मशिनं आणि ह्यांची ती खाकी पिशवी. लोकोशेडमधून निवृत्त झाल्यापासून ती पलंगाखालून निघाली नव्हती. काल रात्री ह्यांनी एकेक पाना पुसून, तेल लावून तिच्यात भरला. मी झोपेचं सोंग घेऊन बघत होते.

अमळनेरला गाडी थांबली तेव्हा राहवेना. पोरांना म्हटलं, इथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयही सांभाळायचे. आपण चाललोय ते बोर्डिंगच आहे, म्हणून सांगते. एकाने मान डोलावली, पण कानातलं काही काढलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं काढली आहेत मी. अशी मान बरोबर ओळखते.

नंदुरबारला मिरचीचा ठसका. गावाबाहेर पथारींवर मैलभर लाल मिरची पसरलेली असते या दिवसांत. सगळा डबा शिंकत होता. मग नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, मधल्या बाकड्यावर दोन्ही राज्यांची नावं. पोरांचे फोटो काढून होईपर्यंत जीपवाला कावला.

बोर्डिंगमध्ये ६४ मुलं, पहिली ते दहावी. बहुतेक मावची आणि कोकणी आदिवासी घरांतली, थोडी भिल्ल आणि पावरा. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात ते होळीच्या आसपास परततात. मधले महिने हेच घर. मोठी इमारत जुन्या स्वीडिश मिशनच्या काळची, भिंती हातभर जाड. मागचे संडास-बाथरूम अलीकडचे, आणि तेच आधी मोडकळीला आलेले.

आम्ही डिसेंबरात भुसावळला बसून यादी केली होती. झोपायच्या खोल्यांना रंग, वाचनाच्या खोलीत भिंतीवर चित्र, पुस्तकांचं कपाट, चार पंखे. यादी मीच सुवाच्य अक्षरात लिहिली होती, म्हणून आता तिची लाज वाटते.

जेवायला नागलीची भाकरी आणि नवापूरची तूरडाळ. स्वयंपाकाच्या मावशी साक्रीकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. मी खान्देशातली म्हटल्यावर त्यांनी वाढतानाचा हात सैल सोडला.

२४ जानेवारी, शनिवार

पहाटे साडेपाचला हौदावर गेले तर मुलं आंघोळ करत होती. गार पाण्याने. अंगावर तांब्या ओतला की किंचाळायचं आणि लगेच दुसरा ओतायचा. मला स्वेटरमध्ये हुडहुडी भरली होती. भिंतीशी टॉवेल गुंडाळून तिघं जण उभी होती, ती पाण्याजवळ जाईनात. वॉर्डनसर म्हणाले, ‘त्यांना सिकलसेल आहे टीचर. गार पाणी लागलं की दोन दिवस पाय धरून रडतात.’

सिकलसेल मला शाळेमुळे माहीत. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडंसांधे ठणकायला लागतात. थंडी बाधते, पाणी कमी प्यायलं तरी बाधतं. आई आणि बाप दोघंही नुसते वाहक असले, स्वतः ठणठणीत असले, तरी दर बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. या पट्ट्यात हे दुखणं फार. माझ्या वर्गात एक पोरगा होता, थंडीत गैरहजर राहायचा. मी त्याला आळशी म्हटलेलं आहे. एकदा नव्हे.

‘मग गरम पाणी?’ सरांनी वर बोट दाखवलं. गच्चीवर सोलर. २० नळ्या, २०० लिटरची टाकी. कोणीतरी काही वर्षांपूर्वी दान दिलेला, दात्याचं नाव टाकीवर अजून ठळक. दोन हिवाळे चालला, मग पाणी यायचं थांबलं. दुरुस्तीला कोण येणार, कोणाला बोलवायचं, हे कोणी सांगून गेलं नव्हतं.

हे नाश्ता न करता गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने खाली आले ते हातात पाइपाचा एक तुकडा घेऊन. आत पांढरा दगड. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार खाली बसतो, वर्षानुवर्षं बसत राहतो. एक इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. ‘इंजिनाचा बॉयलर असता तर फोरमनने माझी कातडी सोलली असती,’ हे म्हणाले. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या हारतुऱ्यांतही पाहिलं नव्हतं.

नवापुरातून दोन किलो लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणलं. पाइप आणि व्हॉल्व्ह त्याच्या पाण्यात बुडवून ठेवले, दिवसभर फसफसत होते. नळ्या एकेक करून उतरवल्या आणि नववीच्या पोरांनी बाटलीच्या ब्रशला काठी बांधून धुतल्या. दोन नळ्या आधीच फुटलेल्या होत्या. त्या जागी रबरी बूच ठोकलं, १८ नळ्यांवर चालेल म्हणाले.

आता आंघोळीची गोष्ट. दुपारी मी मुलींच्या बाथरूममध्ये गेले. चार बाथरूम, त्यांतल्या तिघांना आतून कडीच नाही. बाहेर सातवीतली एक मुलगी लगेच दाराला पाठ लावून उभी राहिली. ‘टीचर, तुम्ही करा, मी धरून ठेवते.’ आत मी घाईघाईने दोन तांबे घेतले. ती बाहेर गाणं म्हणत होती. दाराशी कोणी आहे हे आतलीला कळावं म्हणून गाणं म्हणायचं, अशी इथली पद्धत आहे म्हणे.

किती दिवस? ‘मागच्या पावसाळ्यापासून.’ सरांना सांगितलं नाही का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही विचारलं नाही. तपासायला येतात ते पुरुष, देणगी द्यायला येतात ते पुरुष, आणि जी बाई आली तिने यादीत पंखे लिहिले.

दारं फायबरची, चौकटीजवळ कुजलेली. स्क्रू धरेना. ह्यांनी युक्ती सांगितली: आरपार भोक पाडा, नट-बोल्ट घाला, दोन्ही बाजूंनी मोठा वायसर. पण मुलींच्या बाजूला पुरुषांनी यायचं नाही असं आम्ही निघतानाच ठरवलं होतं. मग हे अंगणात उभे राहून ओरडून शिकवत होते, आत मी, तरुण संघातल्या दोघी आणि ती सातवीतली. पाना तिनेच धरला. पहिली कडी मी माझ्या उंचीला लावली. पहिलीतली पोर आली, हात वर केला, पोहोचला नाही. काढून पुन्हा खाली लावली. जुनी भोकं तशीच राहिली, त्यांत एम-सील भरलं.

२५ जानेवारी, रविवार

पहाटे पाचला गच्चीवर बॅटरीच्या उजेडात नळ्या बसवल्या. ऊन यायच्या आत पाणी भरायलाच हवं होतं. कोरडी नळी उन्हात तापली आणि मग तिच्यात गार पाणी सोडलं तर ती तडकते. रविवारी काम करावं का यावर आमच्यातल्या एका सज्जनांनी काल रात्री तोंड वाकडं केलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर काढता की नाही? आणि स्वतः टॉर्च धरून उभे राहिले.

उपासनेत हार्मोनियम आणि ढोलकी. मुलं गायला लागली की जुनं छत थरथरतं. उपदेशात पाळकसाहेबांनी पंडिता रमाबाईंचं काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवल्या, धंदे शिकवले. त्यांनी केलेल्या मराठी बायबलाचे खिळे तिथल्या मुलींनीच जुळवले. मी हे शंभरदा ऐकलेलं आहे. आज मात्र माझं लक्ष तिसऱ्या रांगेत होतं. तिथे एकीच्या अंगठ्यावर पान्याचा फोड आला होता आणि ती तो शेजारणीला दाखवत होती.

दुपारी रंगकाम. झोपायच्या खोलीला ओल. ह्यांनी ब्रश खाली ठेवायला लावले. वरच्या टाकीचा बॉलकॉक गेलेला, टाकी रोज भरून वाहते आणि पाणी भिंतीत मुरतं. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे गळवावर पावडर. बॉलकॉक बदलला, ती भिंत तशीच सोडली, उन्हाळ्यात वाळली की रंगवतील. तरुण संघ हिरमुसला. त्यांनी मग सगळा जोर वाचनाच्या खोलीवर काढला: नोहाचं तारू, जिराफ, हत्ती, कबुतर. दुसरीतला एक जण बराच वेळ बघून म्हणाला, ‘खेकडा कुठंय?’ इथली पोरं पावसाळ्यात ओढ्यात हात घालून खेकडे काढतात, त्यांचा तो जिव्हाळ्याचा प्राणी. आमच्या चित्रकाराने समजावलं, जलप्रलयात खेकड्याला काय भीती, तो पाण्यातच राहील. पोराला पटलं नाही. ‘मग होळीला आम्ही काय खाणार?’ शेवटी तारवाच्या शिडीवर एक खेकडा चढताना काढला. चित्रातली सगळ्यात बरी गोष्ट तीच आहे.

मुलांचे चेहरे दिसतील असा एकही फोटो घेतला नाही. आमच्या एकाने रंगलेल्या भिंतीसमोर उभं राहून स्वतःचेच १५ काढले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाआधी आंघोळी. गच्चीवरून पाणी सोडलं. पहिल्या बादलीतून वाफ निघाली तेव्हा कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मुलं नुसती बोटं बुडवून बघत होती.

आणि लगेच भांडण. २०० लिटर पाणी, ६४ मुलं. प्रत्येकाला तीन लिटर. गाराशी मिसळलं तरी कोणाचं पुरं होणार? सरांनी तिथल्या तिथे नियम केला: आधी सिकलसेलची तिघं, मग पहिली-दुसरी, मग ज्यांना ताप किंवा पायदुखी असेल ते. उरलेल्यांना हौद. दहावीचे पोरगे काही बोलले नाहीत, त्यांनी गार तांबे ओतले आणि नेहमीपेक्षा मोठ्याने किंचाळले.

कपाट जोडलं, पंखे लावले. चालतात की नाही ते एप्रिलमध्ये कळेल. निघताना मी सरांना विचारून एका वहीत लिहून घेतलं: क्षार कधी काढायचा, लिंबूफूल किती, नळ्या कोणत्या मापाच्या, नवापुरात कुठल्या गल्लीत मिळतात. वही मावशींच्या डाळीच्या डब्यामागे ठेवली आहे, कारण तिथली वस्तू हरवत नाही. पाना ह्यांनी सातवीतल्या त्या मुलीकडे दिला. देताना दोनदा सांगितलं, हा रेल्वेचा आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींचा फोन. सोलर चालू आहे, कड्या शाबूत आहेत, एकीचा नट ढिला झाला होता तो पोरींनीच आवळला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘बाई, एक गडबड शे. आते बठ्ठाच पोरेसना पाय दुखी ऱ्हायनात.’ म्हणजे आता सगळ्याच पोरांचे पाय दुखतायत.

हे शेजारी बसून ऐकत होते. उठले, पलंगाखालची पिशवी ओढली आणि विचारलं, ‘मावशींना विचार, गच्चीवर दुसऱ्या टाकीला जागा किती फूट आहे.’