नकाशा म्हणतो सात टक्के उतार

डाउनहिल स्केटबोर्ड आणि ल्यूज (चाकांच्या फळीवर पाठीवर आडवं पडून उतरणं) यांच्या शनिवार-रविवारच्या मेळाव्यासाठी हा घाटरस्ता सुचवणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लांबी ३ किलोमीटर, सरासरी उतार ७ टक्के आणि डांबर गुळगुळीत. पहिल्या दोन खऱ्या आहेत, आणि फसगत त्यांच्यातच आहे. २१० मीटरची उतरण तीन किलोमीटरभर सारखी वाटली गेली असती, तर हा घाट थोडाफार सराव असलेल्या कुणालाही झेपला असता. प्रत्यक्षात वरचे ८०० मीटर जेमतेम ४ टक्के आहेत. मग ६०० मीटर सलग १२ टक्के, आणि हा सरळ पट्टा संपतो तिथेच डावीकडे हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरणारं वळण. खालच्या १६०० मीटरांत साडेसहा टक्क्यांचा उतार आणि मोकळी वळणं आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शनिवार अख्खा त्या मधल्या ६०० मीटरांनी खाल्ला. इथे पुढचा मेळावा भरवणाऱ्यांचाही खाईल, म्हणून हे सगळं त्याच तुकड्याबद्दल.

अमेरिकेतला मेरीहिल लूप्स हा सॅम हिलने बांधलेला जुना रस्ता डाउनहिलवाल्यांना इतका आवडतो, त्याचं एक कारण म्हणजे तिथला उतार ५ टक्क्यांच्या आसपास एकसारखा राहतो. अशा रस्त्यावर सरासरीचा आकडा कामाचा असतो. इतरत्र दर १०० मीटरला उंची किती उतरते ते काढा आणि सर्वांत खडा तुकडा कुठे संपतो ते बघा. तो मोकळ्या सपाटीवर संपत असेल तर उत्तम. वळणावर संपत असेल तर सगळा बेत त्या वळणापासून उलटा आखावा लागतो.

हिशोब असा. उभ्याने उतरणारा स्केटर टकमध्ये (गुडघे मुडपून, छाती खाली घेऊन) हा पट्टा कुठेही वेग न आवरता उतरला, तर तळाशी वेग ताशी ७५ ते ८५ किमी होतो. हेअरपिनची त्रिज्या साधारण १२ मीटर आहे, म्हणजे पकड चांगली असली तरी आत शिरताना वेग ३५ च्या खाली हवा. चांगली स्लाइड (बोर्ड आडवा करून चाकं घासत वेग मारणं, म्हणजे कमी करणं) येणाऱ्याला तेवढा वेग मारायला ५०-६० मीटर पुरतात, पण डांबर स्वच्छ असेल तरच. ल्यूजवर तोच पट्टा ताशी १०० च्या आसपास जातो, कारण आडव्या माणसाला वारा कमी अडवतो. ल्यूजवाल्याकडे ब्रेक म्हणून फक्त बुटांचे तळवे. १२ टक्क्यांवर पायांनी मिळवलेल्या ब्रेकिंगचा बराच भाग उतारच खाऊन टाकतो. उठून बसून छाती वाऱ्याला दिली तरी २०० मीटर हवेत, आणि तळवे झिजलेले असतील तर त्याहून जास्त.

आता डांबर. हेअरपिनच्या अलीकडे सुमारे ९० मीटरचा तुकडा नव्याने केला आहे: डांबराचा फवारा आणि वर बारीक खडी दाबलेली. पाठवलेले फोटो आदल्या हंगामातले होते, त्यात हा तुकडा नाही. बरोबर ब्रेकिंगच्या जागी तो येतो. अशा पृष्ठभागावर युरेथेनचं चाक सलग घसरत नाही, अडकत-सुटत घसरतं. स्लाइड टाकली की मागची चाकं अचानक पकडतात आणि स्केटर वरच्या बाजूने पुढे फेकला जातो. शनिवारी सकाळच्या पडण्यांपैकी बहुतेक याच प्रकारची होती. सुटी खडी वेगळा त्रास देते: तिच्यावर ग्लोव्हचा पक (तळहातावरची प्लास्टिकची चकती) टेकला की हात बाहेर सरकतो आणि खांदा जमिनीकडे जातो.

उपाय एकच, ब्रेकिंग वर उचला. खडबडीत तुकड्याच्या ७० मीटर आधी रस्त्यावर आडवी खडूची जाड रेघ मारा आणि ट्रॅफिकच्या कोनांनी मार्ग अरुंद करा. नियम असा ठेवा की वेग रेघेपाशीच मारायचा, खडबडीत भागावर सरळ उभं राहून जायचं, तिथे स्लाइड नाही. शनिवारी दुपारी हे केल्यावर पडणं जवळजवळ थांबलं. सकाळीच करायला हवं होतं असं तेव्हा सगळेच म्हणत होते, पण मेळावा भरवणाऱ्यांपैकी एकानेही हा तुकडा पायी बघितलेला नव्हता. गाडीतून बघितलेला रस्ता बघितलेला धरू नका. खालून वर चालत या. चढताना पायाखालची खडी, भेगांत भरलेले डांबराचे गुळगुळीत पट्टे, सावलीतलं शेवाळ आणि उन्हात वर आलेलं काळं चकचकीत डांबर, सगळं दिसतं.

झाडण्याबद्दल. कडक खराटा आणि ब्लोअर दोन्ही लागतात, नुसत्या ब्लोअरने दाबून बसलेली खडी निघत नाही. कचरा वळणाच्या आतल्या कडेला ढकलू नका, स्केटरची रेषा तिथूनच जाते. बाहेरच्या बाजूला, धडक झेलायला रचलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्याही पलीकडे टाका. एकदा झाडून भागत नाही, कारण वर जाणाऱ्या पिकअप वळण कापतात, आतलं चाक मातीत उतरतं आणि दर फेरीला नवी खडी डांबरावर येते. आतल्या कडेला कोन लावून गाड्यांना डांबरावरच ठेवा. शनिवारी दोन तास झाडलेलं वळण गाडीच्या पहिल्याच फेरीने पुन्हा घाण केलं.

पेंढ्याचे गठ्ठे कमी पडले, आणि जे होते ते चुकीच्या जागी. लोक ते वळणाच्या मध्यावर रचतात. वेग न मारता आलेला माणूस सरळ जातो, त्यामुळे पहिला मारा सरळ पट्ट्याची रेषा जिथे बाहेरच्या कडेला भिडते तिथे बसतो. तिथे दोन ओळी, दोन थर. पुढे वळणाच्या बाहेरून निघण्याच्या टोकापर्यंत एक ओळ, दोन थर. सुमारे एक मीटर लांबीचे गठ्ठे धरले तर ४० मीटरच्या कमानीला ११० ते १२० लागतात. रेलिंगच्या खांबांना चिकटवून ठेवू नका, मागे निदान एक मीटर मोकळं सोडा, कारण गठ्ठा मागे सरकतो तेव्हाच मार कमी होतो. ओळ दोरीने एकमेकांना बांधा, नाहीतर पहिल्या धडकेत एक गठ्ठा उडतो आणि पुढच्या माणसाला भोक मिळतं. रात्री वरून प्लास्टिक टाका. भिजलेला गठ्ठा दगडासारखा असतो, तो काढून टाकायचा, उन्हात वाळत ठेवून पुन्हा वापरायचा नाही.

स्केटबोर्ड आणि ल्यूज एकाच फेरीत सोडू नका. यावर चर्चेलाही जागा नाही. ल्यूज वेगवान, जमिनीपासून हातभरही उंच नाही, आणि पुढे स्लाइडमध्ये आडवा झालेला बोर्ड त्याला चुकवता येत नाही. सकाळी स्केटर, दुपारी ल्यूज असे दोन भाग ठेवा. या रस्त्यावर ल्यूजची सुरुवात १२ टक्क्यांच्या पट्ट्याच्या अर्ध्यावरून व्हावी; वरून सोडणं हा शुद्ध अविचार आहे. "वेग कमी पडतो" अशी तक्रार येईल. वेगाचे विक्रम लांब, सरळ उतारावर आणि पुढे थांबायला मोकळी जागा असते तिथे होतात. कॅनडातल्या क्युबेकमध्ये २०१७ साली पीट कॉनोलीने स्केटबोर्डवर ताशी १४६.७३ किमी गाठले तेही अशाच रस्त्यावर. हेअरपिनच्या तोंडावर त्या हौसेला जागा नाही.

मार्शल प्रत्येक आंधळ्या वळणावर एक, या हेअरपिनवर दोन: एक वर रेघेपाशी, एक गठ्ठ्यांच्या मागे. वॉकीटॉकी डोंगराच्या घडीत मुकी होते, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक जागेवरून प्रत्येक जागेशी बोलून बघा. लागलं तर मध्ये फक्त निरोप पुढे देणारा माणूस बसवा. फेरी सोडण्याआधी तळापासून वर क्रमाने प्रत्येकाने आपला नंबर आणि "मोकळं" म्हणायचं. उत्तर आलं नाही याचा अर्थ रस्ता बंद. शनिवारी एकदा शांतता म्हणजे होकार असं धरलं गेलं आणि एका स्केटरसमोर वळणात ट्रॅक्टर आला. मिळालेलं परवानगीपत्र कार्यक्रमाचं होतं, रस्ता बंद करण्याचं नव्हतं. ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत, दोन्ही हातात घेऊनच पुढे जा. वस्तीतल्या लोकांसाठी दर तासाला दहा मिनिटं रस्ता उघडण्याची वेळ ठरवून लावली की भांडणं होत नाहीत. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली की ती परत येईपर्यंत फेऱ्या बंद. डोक्याला मार लागलेला माणूस बरा दिसत असला तरी त्याचे दोन्ही दिवस संपले, त्याच्या हेल्मेटचेही.

वर नेणाऱ्या गाड्यांनी जे पैसे उकळले ते अजून पचत नाही. बोलणी दिवसाच्या दरावर झाली होती. संध्याकाळी हिशोब फेरीवर आला, त्यात थांबण्याचे वेगळे, आणि प्रत्येक ल्यूज एक सीट म्हणून धरलेली. झाडण्यात गेलेले दोन तास हेही "थांबणं". गाडीवाल्याशी हे लिहून घ्या: दिवसाचा एकच आकडा, इंधन आणि थांबणं त्यातच, सामानाला वेगळा दर नाही, पाऊस आला तर किती. फेऱ्यांचा अंदाज आधीच बांधा. ४० जण, २० जणांच्या दोन गाड्या, चढायला ८ ते १० मिनिटं, चढउतार आणि सामान १० मिनिटं, गटागटाने सोडायला १५, तळाशी मोजणी ५. एक चक्र ४० मिनिटांचं होतं. दिवसाला नऊ-दहा फेऱ्यांवर जात नाही, वीस फेऱ्यांचं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ल्यूजसाठी छतावर किंवा मागे रॅक हवा, पायाशी टाकलेल्या ल्यूजने गाडीतच नडग्या सोलल्या जातात.

लेदर, फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्ह यांबद्दल सांगत बसत नाही, ते नसलेल्याला वर नेऊच नका. या रस्त्यासाठी वेगळं एवढंच: ७२ मिलिमीटरच्या वरची, ७८ए ते ८०ए कडकपणाची चाकं, कडक चाकं त्या खडबडीत भागावर दात हलवतात. चाकांचा दुसरा संच हवाच, एक घाबरलेली स्लाइड चाक चपटं करायला पुरते. वॉबल होत असेल (वेगात बोर्ड डावी-उजवीकडे थरथरत असेल) तर पुढचा ट्रक, म्हणजे बोर्डाखालचा चाकं धरणारा सांगाडा, आवळत बसू नका. मागच्याला पुढच्याहून कडक बुशिंग (ट्रकमधलं रबरी वायसर) आणि कमी कोनाची बेसप्लेट (ट्रक बोर्डाला जोडणारी पाटी) द्या, वजन पुढच्या पायावर ठेवा. ल्यूजवाल्यांनी तळव्यांना चिकटवलेलं रबर एका दिवसात संपेल असं धरून दुसरी जोडी तयार आणावी. तिथे रात्री चिकटवलेलं रबर सकाळी पहिल्याच ब्रेकला सुटलं. १०, १३ आणि १४ मिलिमीटरचे पाने, जास्तीचे पक आणि ॲक्सल नट खिशात ठेवा, वर गाडीत ठेवलेली हत्यारं तळाशी कामाला येत नाहीत.

रविवारी सुरुवात हेअरपिनच्या खालून ठेवली, सगळं सुरळीत झालं, सगळे हसत होते. नवख्यांना इथे आणायचं असेल तर तेवढाच रस्ता वापरा.

वरचा भाग वापरायचा असेल तर खडी टाकल्यापासून वाहतुकीने ती पूर्ण दाबली जाऊन सुटी उडून जाईपर्यंत थांबा, आणि तारीख जाहीर करण्याच्या आठवड्यातले फोटो स्वतः काढा. गठ्ठे उचलण्याची माणसं रविवारी तीनच्या आत बांधून ठेवा. चारनंतर सगळे परतीच्या वाटेला लागतात, रस्ता ठरल्या वेळी उघडावाच लागतो आणि १०० गठ्ठे चौघांवर पडतात. तुटलेल्या गठ्ठ्यांचा पेंढा झाडल्याशिवाय तर निघूच नका, दवात ओला झालेला पेंढा दुचाकीवाल्याला पाडतो.