स्पेक्ट्रम ४८के: एलसीडीवर अखेर रंग आले

माझ्या जुन्या झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या घरगुती कॉम्प्युटरला 'बॉर्डर २' ही बेसिकमधली आज्ञा दिली आणि एलसीडी टीव्हीवर चित्राची कड लाल झाली! कॉम्पोझिटमधून, म्हणजे एकाच तारेतून येणाऱ्या व्हिडिओतून, आणि बोर्डाला हात न लावता लालच राहिली.

आरएफचा, म्हणजे टीव्हीच्या अँटेना सॉकेटमधून चित्र नेण्याचा, नाद मी आधीच सोडला होता. चॅनल ३६ वर मुंग्या इतक्या की प्रोग्रामचं लिस्टिंग वाचवत नव्हतं. मॉड्युलेटर (व्हिडिओचा आरएफ करणारा डबा) बाजूला करून व्हिडिओ १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट सॉकेटवर आणला. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर (सीआरटी) झकास रंग, एलसीडीवर मात्र कृष्णधवल. अक्षरं स्थिर, म्हणजे सिंक (ओळी जुळवणारा सिग्नल) आणि ल्युमा (उजेडाचा भाग) ठीक. क्रोमाच, म्हणजे रंगाचा भाग, टीव्ही मानत नव्हता.

पहिला संशय रंगाचा सिग्नल तयार करणाऱ्या एलएम१८८९ या चिपवर. बदलला, फरक नाही. बोर्ड इश्यू टू, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा असल्यामुळे रंग जुळवायचे व्हीआर१, व्हीआर२ हे फिरते रेझिस्टर आहेत; तेही फिरवले. सीआरटीवरचा पिवळा हिरवट झाला, एलसीडी ढिम्म. मग ४.४३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलजवळच्या ट्रिमरला (फिरवून बदलता येणारा छोटा कपॅसिटर) लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकला आणि रंग आले. काढला, गेले. पुन्हा टेकवला, आले! स्क्रूड्रायव्हरने आणि हाताने चार-दोन पिकोफॅरड वाढत होते, म्हणजे ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी वर सरकलेली. पाल टीव्हीला रंग वाहून नेणारा सबकॅरिअर ४.४३३६१९ मेगाहर्ट्झचा लागतो. सीआरटी थोडा फरक खपवून घेतो, हा एलसीडी घेत नाही. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर किंचित फिरवला आणि रंग पक्के बसले. असा स्क्रूड्रायव्हर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. माझ्या मते सोल्डरिंग गनइतकाच गरजेचा. आणि फ्रिक्वेन्सी मोजायच्या काउंटरचं प्रोब थेट क्रिस्टलवर लावू नका, प्रोबच्या कपॅसिटन्सनेच आकडा बदलतो.

कॉम्प्युटरच्या मुख्य घड्याळाचा १४ मेगाहर्ट्झचा ट्रिमर जरा हलवल्यावर रंगांच्या कडांवरची वळवळही कमी झाली. ते बघत मी बराच वेळ बसलो.

उरली ती चित्राची थरथर. स्पेक्ट्रम इंटरलेस न करता (एका आड एक ओळींची दोन अर्धी चित्रं न करता) ३१२ ओळींची फ्रेम सेकंदाला ५०.०८ वेळा पाठवतो आणि टीव्ही तिला अर्धं चित्र समजून जोड्या लावतो. स्वस्तातले एव्ही-टू-एचडीएमआय डबे हेच करतात, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. चांगला स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीला जुळवणारा डबा) घ्यायचं ठरत आलं होतं, पण हे लिहिता लिहिता सुचलं: मागच्या एज कनेक्टरवर वाय (उजेड) आणि यू, व्ही (रंग) हे सिग्नल आहेतच! तिथूनच आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा, काढला तर एन्कोडर आणि सबकॅरिअर दोन्हींची कटकट संपेल. वाय उलटा येतो आणि यू-व्हीवर डीसी असतो, तेव्हा आधी बफर आणि वाय-यू-व्हीचा आरजीबी करणारं मॅट्रिक्स सर्किट ब्रेडबोर्डवर. स्केलर त्यानंतर. इश्यू टूवर कोणी हे केलं असेल तर रेझिस्टरच्या व्हॅल्यू नक्की कळवा.