आज बझरच्या पलीकडे
आज पहिल्यांदा सूत्रसंचालक म्हणून उभी राहिले. लहानपणापासून गेम शो बघतेय, दोनदा स्पर्धक म्हणून खेळलेही. उत्तर येणं वेगळं आणि बझर नेमक्या क्षणी दाबणं वेगळं, हे तिथेच कळलं. 'जेपर्डी' या अमेरिकन प्रश्नमंजुषेच्या शोमध्ये १९८५ पासून प्रश्न वाचून संपल्याशिवाय बझर चालत नाही. घाई केली की पाव सेकंद तो बंद! आमच्या खेळातही तसाच नियम होता, आणि तेवढ्यात माझी फेरी गेली होती.

म्हणून आज प्रत्येक प्रश्नाचा शेवटचा शब्द जपून, स्पष्ट वाचत होते. एका मुलीचा अंगठा बझरवर थरथरत होता. माझ्यासमोर उत्तर असून चेहरा कोरा ठेवायचा, केवढं अवघड! ती चुकली तेव्हा माझ्याच पोटात कालवलं. पुढच्या प्रश्नाला तिने मान वर केली आणि अंगठा परत बझरवर ठेवला.