सगळे सोडून जेसन मॅकॉर्टीच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींना माझं अमेरिकन फुटबॉलचं वेड ठाऊक आहे. त्यामुळे सुपर बोल, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जवळ आला की कुणीतरी विचारतंच: टॉम ब्रेडी वगैरे सोडून तुमचा आवडता खेळाडू हा कोण जेसन मॅकॉर्टी?

पहिलं कारण काही फार थोर नाही. तो रटगर्स विद्यापीठाचा, म्हणजे आमच्या एडिसनच्या शेजारचा. पण रटगर्सचे सगळेच काही माझ्या लक्षात राहिले नाहीत. जेसन राहिला तो त्याच्या जुळ्या भावामुळे.

जेसन आणि डेव्हिन, दोघंही डिफेन्सिव्ह बॅक. समोरचा रिसीव्हर चेंडू झेलायला पळतो, त्याला तो झेलू द्यायचा नाही, हे यांचं काम. कुठे वळायचं हे रिसीव्हरला आधीच माहीत असतं, याला नसतं. त्यात सुरुवातीची पावलं उलटी टाकायची. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धरायचं नाही, ढकलायचं नाही. हा नियम 1978 चा, आणि माझ्या मते तेव्हापासून हा खेळ चेंडू फेकणाऱ्यांचा झाला. बचावपटू चांगला खेळला तर चेंडू त्याच्या बाजूला येतच नाही, टीव्हीवर तो दिसतही नाही. चुकला की मात्र रिप्लेवर रिप्ले.

कॉलेजातले खेळाडू संघ फेऱ्याफेऱ्यांनी निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. 2009 च्या ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सनी जेसनला सहाव्या फेरीत घेतलं, 203 व्या क्रमांकावर. अशा मुलाचं नाव हंगामाआधीच्या छाटणीत टिकलं तरी पुष्कळ. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी डेव्हिनला पहिल्याच फेरीत उचललं. दोघंही 13 हंगाम खेळले. डेव्हिन सगळे एकाच संघात, जेसन चार संघांत.

टायटन्सकडे जेसनची आठ वर्षं गेली आणि त्यात प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 2014 मध्ये संघाने 16 पैकी 2 सामने जिंकले, पुढच्या वर्षी 3. तिकडे भावाच्या बोटात सुपर बोल जिंकल्याच्या अंगठ्या चढत होत्या. 2017 मध्ये टायटन्सनी त्याला सोडलं. एनएफएलमध्ये करार कितीही वर्षांचा असो, हमीची रक्कम संपली की संघ तुम्हाला मोकळं करतो. खेळाडूला मात्र मनात आलं म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. तिशीला टेकलेल्या या बचावपटूला मग क्लीव्हलंड ब्राउन्सनी घेतलं. त्या हंगामात ब्राउन्स 16 च्या 16 सामने हरले.

आणि मार्च 2018 मध्ये ब्राउन्सनी तो पेट्रियट्सना देऊन टाकला. जेसन आणि वर ड्राफ्टच्या सातव्या फेरीतली एक निवड द्यायची, बदल्यात सहाव्या फेरीतली एक घ्यायची, एवढाच व्यवहार. दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या द्याव्यात तसा. भाऊ मात्र एका संघात आले.

3 फेब्रुवारी 2019, अटलांटा, रॅम्सविरुद्धचा सुपर बोल. तिसरा क्वार्टर, पेट्रियट्स 3-0 ने पुढे. रॅम्सचा रिसीव्हर ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये, म्हणजे चेंडू झेलला की गुण मिळतात त्या पट्ट्यात, अगदी एकटा सुटला होता. त्यांच्याकडून चेंडू फेकणाऱ्या जॅरेड गॉफने तो सोडायला क्षणभर उशीर केला. त्या क्षणात जेसन मैदानाच्या भलत्याच भागातून धावत आला आणि कुक्सच्या हातातला चेंडू त्याने उडवला. कुक्स त्याचा माणूस नव्हताच. चूक बचावफळीत दुसरीकडे झाली होती. पेट्रियट्स 13-3 ने जिंकले. सुपर बोल एकत्र खेळलेले ते पहिले जुळे भाऊ.

आता सांगा, आदल्या हंगामात एकही सामना न जिंकलेला हा माणूस वर्षभरात बदलला होता का? पाय तेच, डोळे तेच, उलट वय एका वर्षाने वाढलेलं. भोवतालचे दहा जण बदलले होते. डेव्हिन सरस होता, हे मी वाद न घालता मान्य करतो. पण जेसन पहिल्या फेरीत पेट्रियट्सकडे गेला असता आणि डेव्हिन सहाव्या फेरीत टेनेसीला, तर मला हा प्रश्न कुणाबद्दल विचारला गेला असता, याची मला खात्री नाही. खेळाडूंची तुलना करताना आपण संघ कायम विसरतो. इथे जुळी भावंडं, एकच विद्यापीठ, एकच काम; फरक उरतो तो बराचसा पत्त्याचा, म्हणजे कोण कुठल्या संघात पडला याचा.

2021 मध्ये तो मायामीकडून खेळला, पायाच्या दुखापतीने तो हंगाम अर्धवट राहिला, आणि पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. नंतर एनएफएल नेटवर्कच्या सकाळच्या कार्यक्रमात तो दिसू लागला. बोलतोही छान. ब्रेडीबद्दल विचारायचं असेल तर इथे दुसरे पुष्कळ जण आहेत.