आर्वीकडच्या टेकड्या: होळीपर्यंतची मोजणी

दिवाळीत ठरवलं होतं, आमच्या टेकड्यांच्या यादीत बसतात की नाही याची खात्री नसलेल्या चारही लटकत्या टेकड्या होळीच्या आत मोजून टाकायच्या. तीन झाल्या. चौथीच्या कड्याला आग्या मोहोळ लोंबतंय, तिला यंदा हात जोडले.

आमचा नियम नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या तीन तालुक्यांत जिचा उठाव ६० मीटर किंवा त्याहून जास्त, ती टेकडी यादीत. उठाव म्हणजे माथ्यावरून तिच्याहून उंच टेकडीकडे जाताना कमीत कमी जेवढं उतरावंच लागतं तेवढं. ब्रिटनमधले हौशी लोक १५० मीटर उठावाची वेगळी यादी ठेवतात. आपल्याकडे तो आकडा धरला तर सगळा छंद एका रविवारी आटोपेल.

पहिली यादी टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हेच्या नकाशावरून, केली होती. १:५०,००० च्या नकाशावर माथ्याचा आकडा बहुतेक वेळा छापलेला असतो, खिंडीचा, म्हणजे त्या वाटेवरच्या सर्वांत खालच्या जागेचा, नसतो. खिंड दोन समोच्च रेषांच्या मध्ये कुठेतरी, आणि त्या रेषा उंचीत २० मीटरच्या अंतरानं. मग मधला आकडा धरायचा आणि पुढे जायचं. म्हणून घोळ बहुधा खिंडीतच असतो. मीही पहिली दोन वर्षं नुसते माथेच मोजत बसलो होतो.

सामान तेच: उपग्रहांचे सिग्नल पकडणारा सेकंडहँड जीएनएसएस रिसीव्हर, मित्राचा ऑटो लेव्हल (उंचीतला फरक पाहायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यासमोर धरायची आकड्यांची पट्टी). माथ्यावर दोन तास, खिंडीत दोन तास रिसीव्हर ठेवायचा आणि घरी येऊन फाइल कॅनडा सरकारच्या मोफत पीपीपी सेवेला पाठवायची, ती त्यावरून नेमकी जागा आणि उंची काढून देते. तिथून येणारी उंची लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्या भागात या दोन्हींत साठेक मीटरचा फरक पडतो. फोनवरच्या काही ॲपमध्ये टेकडी एकदम बुटकी दिसते ती यामुळेच. विश्वास नसेल तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहून पाहा, पाटीवर उंची लिहिलेलीच असते. उठाव मात्र वजाबाकी आहे. माथा आणि खिंड जवळजवळ असल्या की हा फरक दोन्हीकडे सारखाच असतो आणि उडून जातो.

देवीची टेकडी. नकाशावर माथा ४६८, खिंड ४०० ते ४२० च्या मध्ये. अंदाजी उठाव ५८, म्हणून ही बाहेर होती. देवळाचा ओटा धरायचा नाही, तो माणसानं बांधलेला. ओट्यामागे शेंदूर लावलेला खडक आहे, तोच माथा. स्टाफ त्याच्यावर ठेवायच्या आधी चपला काढल्या आणि नारळ फोडला. माथा ४६७.१, खिंड ४०५.९, उठाव ६१.२. यादीत आली. गुरं चारणाऱ्या एका बाबाजींनी दोन तास आमच्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "इकडून रोड जाऊन राह्यला का जी?" नाही म्हटलं, टेकडीची उंची मोजतो. "मंग वाढली का?" वाढली नाही, पण आमच्या वहीत चढली, असं सांगितल्यावर ते समजूतदारपणे हसले. वेड्याला दुखवू नये म्हणून हसतात तसे.

दुसरी सपाट माथ्याची. बेसाल्टच्या थरांचा हा नेहमीचा ताप: वर गेलं की एकरभर माळ, आणि सगळा माळ सारखाच उंच वाटतो. ऑटो लेव्हल मधोमध लावून चौदा ठिकाणी स्टाफ धरला. नकाशावर त्रिकोणाची खूण आहे ती जागा सर्वांत उंच निघाली नाही. तिथून चाळीस पावलांवर, कुसळांत दडलेला एक उंचवटा ७० सेंटीमीटरनं वर आहे. यात सर्व्हेवाल्यांची चूक नाही. त्यांना दुसऱ्या टेकडीवरून दिसणारी जागा हवी होती, सर्वांत उंच जागा नव्हे. (त्रिकोण मांडून देश मोजणारं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. वर्ध्याला सर्व्हेच्या गप्पा निघाल्या की जॉर्ज एव्हरेस्टचं नाव येतं, लॅम्बटनचं कुणी काढत नाही.) उठाव ६४, यादीत होती तशीच राहिली. मोज्यांतली कुसळं काढायला अख्खी संध्याकाळ गेली.

तिसरीनं डोकं उठवलं. नकाशाप्रमाणे माथा ४५२, खिंड ३९० धरलेली, उठाव ६२. गेली चार वर्षं यादीत. खिंडीत पोचलो तर खिंडच नव्हती, मुरमाची खदान होती. खदानीचा तळ ३८७.९. माथा ४५०.७. तळ धरला तर उठाव ६२.८ आणि टेकडी आरामात पास. मित्र म्हणाला, झालं, चला, भूक लागली.

पण खिंड म्हणजे खड्ड्याचा तळ नव्हे. न उतरता जाता येत असेल तर ती वाट धरायची. खदानीच्या उत्तर काठाला पळसाच्या तीन झाडांसकट जुन्या जमिनीची एक पट्टी शिल्लक आहे, बैलगाडी जाईल एवढी. तिच्यावरून या टेकडीवरून त्या टेकडीवर जाता येतं. पट्टीवरचा सर्वांत खोल बिंदू दोनदा मोजला: ३९१.६. उठाव ५९.१. टेकडी बाद.

मित्र चिडला. ९० सेंटीमीटरसाठी एवढं? मी त्याला काफ टॉपचं सांगितलं. इंग्लंडमधल्या कंब्रियातला हा उंचवटा २००० फुटांच्या म्हणजे ६०९.६ मीटरच्या रेषेखाली धरला जायचा; त्या रेषेवर गेलं की तिकडे डोंगर म्हणतात. २०१६ मध्ये त्याची उंची ६०९.६०६ ठरली आणि तो ६ मिलिमीटरनं वर गेला. ६ मिलिमीटरवर त्यांचं जमतं, तर आपलं ९० सेंटीमीटरवर का अडावं? त्यावर तो म्हणाला, त्यांच्याकडे खिंडीतून टिप्पर जात नसतील.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. आम्ही पट्टी मोजत होतो तेव्हाही खाली पोकलेन चालू होतं. ती पट्टी पळसांसकट गेली की वाट खदानीच्या तळातूनच काढावी लागेल, आणि आमच्या नियमाप्रमाणे टेकडी पुन्हा यादीत येईल. वहीत तिच्यापुढे पेन्सिलनंच फुली मारली आहे.