आमची वाटचाल : फळीवरच्या बॉड्या

आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर गाड्यांच्या जुन्या वॉटर पंपांच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणाऱ्या पंपांच्या, बॉड्या (बाहेरची कवचं) ओळीने ठेवलेल्या आहेत. नवीन माणसाला ते भंगार वाटतं. मलाही एकेकाळी वाटायचं, आणि ते चांगलंच महागात पडलं.

बाबांनी गॅरेज टाकलं ते चिपळुणात, कराड रस्त्याला. जागा का निवडली असं कुणी विचारलं की म्हणायचे, "कुंभार्ली घाट चढताना गाडी तापली की माणूस वर जात नाही, उतारावरून आपल्याकडेच येतो." तेव्हा काम म्हणजे अ‍ॅम्बॅसॅडर, जीप आणि फियाट. गाडीचं नाव १९७४ सालापासून पद्मिनी झालं, पण आमच्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. सामान मुंबईहून एसटीच्या पार्सलने यायचं. पुढे पद्मिनी बंद झाली, २०१४ साली अ‍ॅम्बॅसॅडरही थांबली. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी नव्या गाड्या धरल्या. आम्हीही धरल्या, घर त्यावरच चाललं. पण जुन्या गाड्यांना नाही म्हणणं बाबांना जमलं नाही.

त्याच काळात गुहागरकडच्या एका गुरुजींची अ‍ॅम्बॅसॅडर आली. जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, पंपाच्या पोटाखालच्या भोकातून थेंब थेंब पाणी. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता इथून बाहेर यावं म्हणून. (काही लोक त्यात एम-सील भरून मोकळे होतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप किरकिरायला लागतो.) मी एक नवा, चकचकीत पंप मागवला. बोल्टची भोकं जुळली, पंप बसला. जुना त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिला.

बाजारात फिरून गाडी थंड राहिली. दोन दिवसांनी गुरुजी घाटात अडकले. पाणी उकळून गेलेलं, इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, हेड गॅस्केट, उडालेलं. गाडी टो करून आणली. गुरुजी रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "अरे, नवीन म्हणालास ना?" ते जास्त लागलं.

बाबांनी पंप उतरवला आणि मापाची पट्टी लावली. पुली ज्या हबवर बसते तो हब दोन-तीन मिलिमीटर पुढे होता, त्यामुळे बेल्ट तिरका धावत होता. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, पत्रा दाबून केलेला, आणि बॉडीपासून इतका लांब की पाणी पुढे ढकलायचं सोडून जागच्या जागी घुसळत होता. सपाटीवर ते खपून गेलं. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन जोर काढतं, समोरून वारा नसतो, तिथे खपलं नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "जुनी बॉडी कुठाय?" किलोच्या भावाने दिलेली बॉडी मी भंगारवाल्याकडून किलोच्या भावानेच परत आणली. वर दोन चहा पाजावे लागले.

तिच्यात नवं शाफ्ट-बेअरिंग आणि सील बसवलं. हेड गॅस्केटचा खर्च आम्ही सोसला.

आता कुणी "अ‍ॅम्बॅसॅडरचा पंप हवा" म्हणाला की आधी विचारतो, इंजिन कुठलं? जुनं १४८९ की पुढचं इसुझूचं १८१७? दोघांचे पंप वेगळे. मग जुना पंप बघायला मागतो, तोही न धुता. चुन्यासारखा थर, गंज, पाण्याचे ओघळ यांवरून गाडीने कुठलं पाणी प्यायलंय ते कळतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालणारे अजून आहेत. त्यांचा इम्पेलर उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. पंप कुठलाही घाला, पाणी तेच राहिलं तर वर्षभरात परत भेट ठरलेली. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, यावर आम्ही हट्ट धरतो.

बॉडीला तडा नसेल, पॅकिंगची बाजू खाल्लेली नसेल, सीलची बैठक धड असेल, तर मी नवं बेअरिंग आणि सील घालून जुनीच भरून देतो. इम्पेलर आणि बॉडीमध्ये अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट ठेवतो. या गाड्यांत पंखाही पंपाच्याच हबवर असतो, म्हणून पंख्याचं पातं वाकलंय का तेही बघतो. वाकडा पंखा नवं बेअरिंगही खातो. बॉडी गेलेली असेल तर नवा पंप घेतोच, पण हबची उंची आणि इम्पेलर मोजून. मोजू न देणाऱ्या दुकानदाराकडून घेत नाही. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडची सवय मला पटत नाही, पण त्यावर भांडायला बसलो तर दिवस जाईल.

२२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. चिपळूणकरांना पुढचं सांगायला नको. फळीसुद्धा बुडाली. खोक्यातल्या नव्या पंपांच्या बेअरिंगमध्ये गाळ भरला, सगळे गेले. हिशेबाचा कॉम्प्युटर गेला. आणि बाबांची मापांची वही, प्रत्येक गाडीच्या हबची उंची, शाफ्टची जाडी, सीलचा व्यास लिहिलेली, तिचा लगदा झाला. ती मी हातात धरून बराच वेळ उभा होतो. बाबा तेव्हा नव्हते.

बॉड्या तेवढ्या गाळाखाली तशाच होत्या. धुतल्या, रॉकेलने पुसल्या, आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन बसलो. एकेक बॉडी मोजून वही पुन्हा लिहिली. आठ-नऊ रात्री लागल्या. मुलगी आकडे लिहून घ्यायची आणि माझं वाचन चुकलं की मला झापायची.

आज गॅरेजात दोन पोरं आहेत, बेअरिंग दाबून बसवायचा एक छोटा प्रेस आहे. लेथचं काम खेर्डीला करून आणतो. सावंतवाडी, कोल्हापूरहून पंप कुरियरने येतात. काही मालक पंप लखलखीत घासून पाठवतात, त्यांना फोनवर समजावतो.

गुरुजींची अ‍ॅम्बॅसॅडर अजून येते, बॉडी तीच. गेल्या आठवड्यात पुन्हा त्या भोकातून थेंब दिसला, म्हणून सील बदललं. सुट्टीत त्यांना लेकीकडे कराडला जायचंय. त्याआधी परवा सकाळी पोफळीपासून घाटमाथ्यापर्यंत मी स्वतः एक फेरी मारून येणार आहे.