शेवटची बोट कितीला?

मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ताच्या हॉटेलातून निघाल्यापासून नवऱ्याचा एकच प्रश्न चालू होता, शेवटची बोट कितीला आहे. नवरा नागपूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा बघितला तो कॉलेजच्या ट्रीपला, आणि तेव्हापासून दोघांचं लांबून नमस्कार एवढंच नातं आहे. त्यामुळे ज्या गावाला धड गाडीने जाता येत नाही तिथे चांगल्या सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात कशाला कडमडायचं हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. पण माझी आई आमच्याकडे सॅन होजेला सहा महिन्यांसाठी आलेली, आणि अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही हे कळल्याबरोबर ती म्हणाली होती "मग चला की", त्यामुळे त्याचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता.

येलापा. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर बांदेरास नावाचा भलामोठा उपसागर आहे, त्याच्या दक्षिण बाजूला, हालिस्को राज्यात. मागे जंगलाने भरलेले डोंगर, पुढे समुद्र, आणि येणंजाणं सगळं मुख्यतः बोटीने. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे वीजसुद्धा नव्हती. असलं काही वाचलं की आमच्यासारख्या आठवडाभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांना लगेच गहिवरून येतं, आहा कसं शांत निवांत वगैरे. आईला मी हे सगळं रंगवून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमच्या लहानपणीचं हर्णै." आणि परत लोकरीचं विणायला लागली.

वायार्ताच्या जुन्या वस्तीतल्या एका कोपऱ्यावरून बस मिळते. ती किनाऱ्याने वळणं घेत घेत अर्ध्या तासात बोका दे तोमात्लानला सोडते. एका बाजूला कडा, एका बाजूला निळंशार पाणी, मधे मिस्मालोया लागतं, तिथे 1963 साली हॉलिवूडच्या एका पिक्चरचं शूटिंग झालं, रिचर्ड बर्टन आला, त्याच्यामागोमाग एलिझाबेथ टेलर आली, त्यांच्यामागोमाग पेपरवाले आले आणि वायार्ताचं नाव झालं ते झालंच. बोका म्हणजे तोंड, इथे ओर्कोनेस नदी समुद्राला मिळते त्याचं तोंड. आपल्याकडे याला सरळ खाडी म्हणाले असते. बस संपते तिथून खाली उतरायचं, आणि समोर पांगा उभ्या.

पांगा म्हणजे फायबरची लांबट उघडी होडी, मागे इंजिन, वर कापडाचं छप्पर, बसायला आडव्या फळ्या. बोट सतत वरखाली होत असते आणि चढणारे टुरिस्ट नेमके ती खाली जाताना पाय टाकतात, मग किंचाळतात, मग कोणाची तरी चप्पल पाण्यात पडते. माझ्या नवऱ्याला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून आत घेतला. मी त्यातल्या त्यात बरी. आणि आई, वय 69, गुडघ्याला पट्टा, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचलेली, काठावर दोन लाटा नुसती बघत उभी राहिली आणि तिसऱ्या लाटेला बोट वर आली तसा पाय टाकून आत, जशी काही जिन्याची पायरी उतरली. बोटवाला पोरगा हात पुढे करून तसाच उभा.

"लाट वर आली की पाय टाकायचा. खाली चालली असेल तर थांबायचं. एवढं सोपं आहे," नवऱ्याशेजारी बसत ती म्हणाली. त्याने मान हलवली, पण हातातली फळी सोडली नाही.

हर्णैला तिच्या लहानपणी आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. धक्क्याला लागायची नाही, मग किनाऱ्यावरून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, आणि तिथे लाटांवर पडाव वरखाली होत असताना ट्रंका, नारळाची पोती, कडेवरची पोरं असं सगळं वर चढवायचं. मग भाऊचा धक्का. हे सगळं मी शंभर वेळा ऐकलेलं होतं आणि शंभर वेळा कान बंद केलेले होते, कारण आपल्या आईच्या लहानपणाइतकी कंटाळवाणी गोष्ट वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला दुसरी नसते. बोट लागू नये म्हणून तिची आजी पदराला लिंबू बांधून न्यायची, तेवढं फक्त लक्षात होतं, कारण आईने आजही पर्समध्ये लिंबू आणलेलं. इथलं लिंबू, बाजारातून घेतलेलं. मेक्सिकोत लिमोन म्हणून जे मिळतं ते छोटं हिरवं पातळ सालीचं म्हणजे आपलं कागदीच, अमेरिकेत इतके दिवस त्या जाड्या पिवळ्या लिंबांवर काढल्यावर आई ते बघून जवळजवळ हळवी झाली होती.

अर्धा तास बोट. लास आनिमास, किमिश्तो अशी छोटी छोटी गावं डाव्या हाताला जातात. जानेवारी होता म्हणजे देवमाशांचा सीझन, हम्पबॅक देवमासे थंडीत इकडे विणीला येतात, आणि वाटेत एकदा बोटवाल्याने इंजिन एकदम बंद केलं. सगळे गप्प. लांबवर एक फुसकारा आला, मग काळी पाठ हळूच वर आली आणि गोल फिरून आत गेली, बस्स, शेपूट वगैरे काही दाखवली नाही. सगळे मोबाईल धरून बसलेले आणि एकाच्याही फोनमध्ये काही आलं नाही असं माझं मत आहे. इंजिन बंद झाल्यावर नवऱ्याला जो घाम फुटला तो मात्र माझ्याकडे व्हिडिओत आहे.

येलापाला उतरताना समोर अर्धचंद्राकृती वाळू, झावळ्यांची छपरं, मागे माड. माड बघून बरं वाटतं पण आदल्या दिवशी वायार्ताच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर त्या माडांची भानगड कळलेली होती. तिथे एक माणूस मोठ्या भोपळ्याच्या तुंब्यातून गुलाबीसर काहीतरी विकत होता, तुबा, ग्लासात ओतून वर बारीक चिरलेलं सफरचंद आणि शेंगदाणे. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, परत एक घोट घेतला. "अगं ही तर माडी आहे!" म्हटलं आई हळू. "हळू काय, माडीच आहे, सकाळची असती तर नीरा म्हणाले असते, आता जरा चढलीय. पण शेंगदाणे कोण घालतं माडीत?" रात्री हॉटेलवर वाचलं तर बाई बरोबर निघाली. 1565 पासून 1815 पर्यंत मनिला ते आकापुल्को गलबतं चालायची, त्यातून फिलिपिनो खलाशी या किनाऱ्यावर आले आणि माड छेदून रस काढायची विद्या त्यांनीच इथे आणली, तुबा हा शब्दही त्यांचाच. आईला सांगितलं तर म्हणाली, मग, जिथे माड तिथे भंडारी असणारच.

वाळूवर टेकतो न टेकतो तोच एक बाई डोक्यावर प्लास्टिकचा मोठा डबा घेऊन आली आणि ओरडली, "पाय! पाय!"

आईने दचकून पाय मागे घेतले.

तर पाय म्हणजे आपला इंग्रजी पाय, तो गोड भरलेला. मेक्सिकोत त्याला तसंच पाय म्हणतात, आणि या बायका ते घरी भाजून किनाऱ्यावर डोक्यावरून विकतात, येलापाची ती खासियतच आहे. डबा खाली उतरला. झाकण निघालं. आत खोबऱ्याचा, लिंबाचा, चॉकलेटचा, केळ्याचा. बाईने पातळ सुरी एका फडक्याला पुसून खोबऱ्याच्या पायचा असा सरळ काप काढला की टोकसुद्धा मोडलं नाही, आणि कागदावर ठेवून आईच्या हातात दिला. आईने खाल्ला. खोबरं ताजं आहे, म्हणाली, पण वेलची हवी होती. हे ती त्या बाईला मराठीतून म्हणाली. बाई स्पॅनिशमधून काहीतरी म्हणाली. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळलं नाही हे स्वच्छ दिसत होतं, पण बाईने अजून एक काप कापला तेव्हा त्याचे पैसे मलाच द्यावे लागले.

गाव म्हणजे नदीच्या पलीकडे. तुइतो नदी इथे समुद्राला मिळते, ती ओलांडली की दगडी चढाच्या अरुंद गल्ल्या, दोन माणसं आणि एक खेचर समोरासमोर आलं तर खेचराने मागे जायचं की माणसांनी यावर विचार करावा लागतो. आमच्या समोर आलेल्या खेचरावर सिमेंटच्या गोण्या होत्या. कुणाचं तरी घर वाढत होतं. इथली जमीन मूळ रहिवासी समाजाच्या सामाईक मालकीची आहे, बाहेरच्याला विकता येत नाही, हिप्पींच्या काळापासून गोरे लोक येऊन राहतात ते भाड्यापट्ट्यावर. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती एका पायरीवर थांबली. दापोली तालुक्यात आता कुणाकुणाची नावं सातबाऱ्यावर चढलीत ते आम्हाला दोघींनाही माहीत आहे, आमच्याच घराशेजारच्या वाडीत काचेचा बंगला उभा आहे आणि त्याच्या कुंपणामुळे आमची समुद्रावर जायची वाट वळसा घालून जाते, असो.

धबधबा बघितला. जानेवारीतला धबधबा. इथे पाऊस आपल्यासारखाच, जून ते ऑक्टोबर, त्यामुळे आता कातळावरून एक बारीक धार गळत होती आणि खाली वीस माणसं फोटो काढत होती. नवरा शेजारच्या टपरीवर राइसिया घेऊन बसला, ही इकडची घरगुती दारू, आगावेची, टकीलाची गावाकडची चुलत बहीण. एक घोट पोटात गेल्यावर तो दिवसात पहिल्यांदा हसला आणि म्हणाला मोहाची आठवण आली. नंतर लगेच घड्याळ बघितलं.

जेवायला परत वाळूवर. वेटर पोरगा मासा दाखवायला ताट घेऊन आला, आईने चष्मा लावला, बोटाने कल्ला उचलून आत बघितलं, लाल आहे, डोळा वर आहे, चालेल. तांबोशीच होती, इथे तिला हुआचिनांगो म्हणतात. पोरगा हसायला लागला, त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. मासा भाजून येईपर्यंत आई मला म्हणाली, याला विचार, रात्री कोणी आजारी पडलं तर काय करतात.

मी विचारलं. पोरगा म्हणाला, पांगा.

आणि समुद्र खवळलेला असला तर? त्याने खांदे उडवले आणि टेबल पुसायला लागला.

आईने मान डोलावली. "आमच्याकडे पावसाळ्यात आगबोट बंद. बैलगाडीने दापोली." एवढंच म्हणाली आणि लिंबू पिळायला घेतलं. मी सकाळी रंगवून सांगितलेलं शांत निवांत गाव तिथल्या तिथे जरा सुरकुतलं. मासा मात्र फारच छान होता, तिखट लावून निखाऱ्यावर भाजलेला, काटासुद्धा चोखून खाल्ला.

पाचच्या बोटीसाठी नवऱ्याने आम्हाला सव्वाचारला धक्क्यावर उभं केलं. बोट सव्वापाचला आली. त्या मधल्या तासाभरात त्याने तिघांना विचारून घेतलं की हीच शेवटची ना, आणि तिघांनी हो म्हणून सांगितलं. परतीला वारा समोरून, सगळ्यांचे कपडे ओले, आईने लिंबू त्याच्या नाकाशी धरलं आणि त्याने मुकाट्याने हुंगलं.

बोकाला उतरलो तर धक्क्यावर ही गर्दी. खोक्यांमध्ये भाजी, टॉयलेट पेपरचे गठ्ठे, एक गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, दप्तरं घेतलेली दोन पोरं. येलापाला परत जाणारे लोक. आमची शेवटची होती ती, यांची बोट आता सुटणार होती. एका बाईच्या हातात अंड्यांचा मोठा ट्रे होता आणि खांद्याला दोन पिशव्या, तिने इकडेतिकडे बघितलं आणि ट्रे सरळ आईच्या हातात दिला. स्वतः बोटीत उतरली, पिशव्या ठेवल्या, वळून हात पसरले.

वरून नवरा ओरडत होता, बस सुटतेय. आई काठावर ट्रे धरून लाटेकडे बघत उभी होती. एक गेली. दुसरी गेली. तिसरीला बोट वर आली तसा तिने ट्रे खाली दिला.